कार्बन-तटस्थता, तंत्रज्ञान कंपन्यांची

कंपनीच्या कारभारातून वातावरणात जाणारे हरितगृह वायू आणि तिने पैसे खर्चून अन्यत्र टाळलेले किंवा शोषून घेतलेले वायू यांची वजाबाकी वर्षाअखेर शून्यावर आणणे, म्हणजे कार्बन-तटस्थता. सर्व वायू कार्बन डाय-ऑक्साइडच्या तुल्य टनांत मोजतात. शिक्षण, आरोग्य, देणग्या या सामाजिक उत्तरदायित्वाच्या परिचित बाबी नफ्यातून भागवता येतात. कार्बनचा हिशेब मात्र थेट उत्पादन, वीज आणि कच्चा माल यांना जाऊन भिडतो. तंत्रज्ञान कंपन्यांत त्याला महत्त्व आले ते मुख्यतः विजेमुळे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील डेटा सेंटरांनी (इंटरनेट सेवांचे संगणक चालवणाऱ्या केंद्रांनी) सु. ४१५ अब्ज युनिट, म्हणजे एकूण जागतिक वापराच्या दीड टक्क्याच्या आसपास वीज वापरली. २०३० मध्ये हा वापर सु. ९४५ अब्ज युनिटांपर्यंत जाईल, असा तिचा कयास आहे.

प्रारंभ : एका ठिकाणचे उत्सर्जन दुसऱ्या ठिकाणी भरून काढण्याचा प्रयोग या उद्योगाबाहेर सुरू झाला. एईएस या अमेरिकन वीज कंपनीने सु. १९८९ मध्ये कनेक्टिकटमधील कोळशाच्या केंद्रापोटी ग्वातेमालात वृक्षलागवडीला पैसे दिले. हे पहिले उदाहरण म्हणून सामान्यतः सांगितले जाते. तंत्रज्ञान कंपन्यांपैकी पहिली कोणती, यावर एकमत नाही. याहूने एप्रिल २००७ मध्ये त्याच वर्षी तटस्थ होण्याची घोषणा केली, गूगलने जून २००७ मध्ये. डेलने २००८ च्या ऑगस्टमध्ये उद्दिष्ट गाठल्याचे सांगितले. पण त्या हिशेबात पुरवठादारांचे व ग्राहकांच्या वापराचे उत्सर्जन धरलेले नव्हते, अशी टीका लगेच झाली. घोषणेचा दिवस धरला तर मान याहूकडे जातो. दावा अखंड टिकण्याला महत्त्व दिले तर गूगलकडे, कारण याहूने २००९ मध्ये भरपाईची खरेदी थांबवून तो पैसा वीजबचतीकडे वळवला. दुसरी कसोटी अधिक ग्राह्य वाटते. तथापि गूगलनेही २०२३ पासून हा दावा सोडला आहे. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये आपल्याच विभागांवर कार्बनच्या प्रत्येक टनामागे अंतर्गत शुल्क बसवले. कार्बनचा खर्च ज्याचा त्याच्या अंदाजपत्रकात दिसावा, ही त्यामागची कल्पना होती आणि ती घोषणांपेक्षा टिकाऊ ठरली.

हिशेबाची चौकट : वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट आणि शाश्वत विकासासाठीची जागतिक उद्योग परिषद यांनी २००१ मध्ये कंपन्यांसाठी प्रसिद्ध केलेली व २००४ मध्ये सुधारलेली ‘हरितगृह वायू नियमावली’ आज जवळजवळ सर्वत्र वापरली जाते. तीत उत्सर्जनाचे तीन ‘स्कोप’ आहेत. पहिला कंपनीच्या स्वतःच्या इंधनाचा, दुसरा विकत घेतलेल्या विजेचा, तिसरा उरलेल्या सगळ्याचा.

वाद दुसऱ्या स्कोपवर आहे. २०१५ च्या मार्गदर्शिकेने विजेचे उत्सर्जन दोन रीतींनी मांडायला सांगितले. स्थानाधिष्ठित रीतीत, डेटा सेंटर ज्या ग्रिडवर (वीज वाहून नेणाऱ्या जाळ्यावर) आहे त्या ग्रिडचे सरासरी उत्सर्जन धरतात. बाजाराधिष्ठित रीतीत कंपनीने केलेले वीजखरेदी करार व घेतलेली अक्षय ऊर्जा प्रमाणपत्रे जमेस धरतात. पवन किंवा सौर प्रकल्पात तयार झालेल्या प्रत्येक हजार युनिटांमागे सर्वसाधारणपणे एक प्रमाणपत्र निघते आणि ते विजेपासून वेगळे करून विकता येते. परिणामी कोळशावर चालणाऱ्या ग्रिडमधून रात्री वीज घेणारी कंपनी दूरच्या सौर प्रकल्पाची दुपारची प्रमाणपत्रे घेऊन आपले उत्सर्जन कागदावर शून्य दाखवू शकते. यात नियमभंग नाही. प्रमाणपत्रे स्वस्त असतील आणि तो प्रकल्प आधीच उभा असेल, तर त्या पैशाने हवेत जाणारा एक टनही कमी झाला, असे म्हणता येत नाही. संशोधक अँडर्स ब्योर्न आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ११५ कंपन्यांचे अहवाल तपासले. प्रमाणपत्रे वगळली, तर त्यांच्या एकत्रित विजेच्या उत्सर्जनातील घट तापमानवाढ दीड अंशावर रोखण्याच्या जागतिक उद्दिष्टाशी जुळत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

नव्या प्रकल्पाशी केलेल्या दीर्घ मुदतीच्या कराराची गोष्ट वेगळी. खात्रीचा ग्राहक दिसला की बँका कर्ज देतात आणि प्रकल्प उभा राहतो. गूगलने असा पहिला करार २०१० मध्ये आयोवातील पवनऊर्जेसाठी केला. २०१७ मध्ये तिने वर्षभराच्या वापराएवढी अक्षय वीज खरेदी केली. पुढे २०२० मध्ये तिने प्रत्येक तासाला, त्याच ग्रिडवर कार्बनमुक्त वीज मिळवण्याचे २०३० सालचे लक्ष्य ठेवले आणि तासागणिक आकडे प्रसिद्ध केले. वार्षिक जुळणी शंभर टक्के असताना २०२३ मध्ये तासागणिक जुळणी सरासरी ६४ टक्के भरली. कंपनीने स्वतःच छापलेली ही तफावत या विषयावरील बऱ्याच टीकालेखांपेक्षा अधिक सांगून जाते. रात्रीची व वारा पडलेल्या वेळची वीज कुठून आणायची, या अडचणीतून अणुऊर्जेचे करार पुढे आले. अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथील बंद अणुभट्टी पुन्हा चालू करून तिची वीज वीस वर्षे घेण्याचा मायक्रोसॉफ्टचा सप्टेंबर २०२४ चा करार त्यांपैकी प्रसिद्ध आहे.

तासागणिक जुळणी सर्वांना मान्य नाही. ॲमेझॉन, मेटा आदी कंपन्यांच्या गटाचे म्हणणे असे, की अक्षय प्रकल्प सर्वांत मळकट, म्हणजे कोळशासारख्या इंधनावर चालणाऱ्या ग्रिडवर उभारला तर त्याच पैशात जास्त उत्सर्जन टळते. स्वतःच्या डेटा सेंटरशेजारी तो असण्याचा आग्रह कशाला? परिणामाच्या दृष्टीने या युक्तिवादात तथ्य आहे. पण टळलेले उत्सर्जन हा नेहमी ‘प्रकल्प नसता तर काय झाले असते’ याचा अंदाज असतो आणि तो कंपनीच्या प्रत्यक्ष उत्सर्जनातून वजा केल्यास दोन वेगळ्या वस्तू एका रकान्यात येतात. नियमावलीच्या फेररचनेत २०२५ अखेर चर्चेसाठी ठेवलेला प्रस्ताव तासागणिक पद्धतीकडे झुकलेला आहे.

तिसरा स्कोप : आकाराने हाच सर्वांत मोठा. मायक्रोसॉफ्टच्या एकूण उत्सर्जनापैकी ९६ टक्क्यांहून अधिक भाग यात मोडतो. चिपांची निर्मिती, सर्व्हर, इमारतींचे पोलाद व काँक्रीट, वाहतूक, ग्राहकाने उपकरणासाठी वापरलेली वीज, सर्व यात येते. मोजणी बहुधा पुरवठादारांच्या आकड्यांवर आणि ते नसतील तेथे खर्चाच्या रकमेवरून काढलेल्या सरासरीवर अवलंबून असते. त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना जपून करावी. ॲपलने २०३० साठी संपूर्ण पुरवठा साखळी धरून २०१५ च्या तुलनेत ७५ टक्के घट आणि उरलेल्याचे शोषण, असे उद्दिष्ट ठेवले आहे. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये २०३० पर्यंत कार्बन-ऋण होण्याचे, म्हणजे सोडलेल्यापेक्षा अधिक कार्बन शोषण्याचे, व १९७५ मधील स्थापनेपासूनचे उत्सर्जन २०५० पर्यंत भरून काढण्याचे वचन दिले. २०२४ च्या अहवालात मात्र २०२० च्या मानाने एकूण उत्सर्जन २९.१ टक्के वाढलेले दिसते. गूगलची २०१९ ते २०२३ मधील वाढ ४८ टक्के आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी चाललेले डेटा सेंटरांचे बांधकाम व त्यांची वीज ही दोन्ही ठिकाणची प्रमुख कारणे होत.

शोषण : झाडे लावून घेतलेला कार्बन वणव्यात किंवा तोडीत परत हवेत जाऊ शकतो, म्हणून काही कंपन्या खडकात वा जमिनीखाली टिकणाऱ्या साठवणीकडे वळल्या आहेत. स्ट्राइप, अल्फाबेट (गूगलची मालक कंपनी), मेटा, शॉपिफाय आणि मॅकिन्झी यांनी २०२२ मध्ये यासाठी ९२.५ कोटी डॉलरांची आगाऊ खरेदी जाहीर केली. आइसलँडमध्ये २०२१ साली सुरू झालेल्या, हवेतून थेट कार्बन शोषणाऱ्या ओर्का प्रकल्पाची क्षमता वर्षाला सु. ४,००० टन होती. गूगलचे २०२३ चे उत्सर्जन १.४३ कोटी टन होते.

पाणी व कचरा : डेटा सेंटर थंड ठेवण्यासाठी बाष्पीभवनाने जाणारे पाणी कार्बनच्या खात्यात दिसत नाही. त्यासाठी वेगळे निर्देशांक आहेत. उलट, पाणी वाचवणारी यंत्रणा बहुधा अधिक वीज खाते, त्यामुळे एका खात्यातील बचत दुसऱ्यात खर्च म्हणून उमटते. टाकाऊ विद्युत व इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा जागतिक भार २०२२ मध्ये ६.२ कोटी टन होता आणि त्यातील २२.३ टक्क्यांचेच संकलन व पुनर्चक्रीकरण अधिकृत नोंदींनुसार झाले.