पक्षाघातानंतरची हालचाल-तपासणी आणि सुधारणेचा अंदाज

पक्षाघाताच्या रुग्णाचा हात किंवा पाय पुढे किती कामाला येईल, याचा आडाखा बांधण्यासाठी सुरुवातीच्या दिवसांत केली जाणारी तपासणी. महागडे यंत्र प्रत्येकाला लागत नाही. बहुतेकदा खाट, घड्याळ आणि सरावलेली नजर पुरते.

हातासाठी दोनच हालचाली पाहतात: खांद्यातून हात बाजूला उचलणे आणि बोटे सरळ करणे. प्रत्येकीला 0 ते 5 गुण. आधाराशिवाय, गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पूर्ण हालचाल झाली तर 3. तिसऱ्या दिवशी बेरीज 5 किंवा अधिक आणि वय 80 च्या आत असेल, तर हात तीन महिन्यांत जवळपास पूर्ववत होण्याची चांगली शक्यता असते. बेरीज कमी भरली, तर मेंदूला चुंबकीय उद्दीपन देऊन स्नायूपर्यंत संदेश पोहोचतो का, हे पाहतात. नेदरलँड्समधील 2010 च्या अभ्यासात 72 तासांच्या आत दोन्ही हालचाली थोड्या तरी जमणाऱ्यांना सहा महिन्यांत हाताचे काही कौशल्य परत येण्याची शक्यता 98 टक्के निघाली. एकही न जमणाऱ्यांची 25 टक्के, आणि नवव्या दिवशीही तीच स्थिती असेल तर 14 टक्के. म्हणून पहिल्याच तपासणीत 'हात गेला' असे नातेवाइकांना सांगू नये.

चुका इथेच होतात. रुग्ण धड विरुद्ध बाजूला झुकवतो आणि खांदा उचलल्यासारखा दिसतो. मनगट खाली लोंबले की बोटे आपोआप उघडतात, त्यात स्नायूचे काम नसते. म्हणून तळवा खाली ठेवून मनगटाला आधार द्यावा. वाचाघात (बोलणे किंवा समजणे बिघडणे) असेल तर अनेकदा सूचना कळलेली नसते, ताकद असूनही शून्य गुण पडतात. आधी चांगल्या हातावर करून दाखवावे.

चालण्यासाठी धडाचे नियंत्रण पाहतात: दोन्ही कुशींवर वळणे, आडवे असताना उठून बसणे, खाटेच्या कडेला 30 सेकंद तोल सांभाळणे. प्रत्येक कूस वेगळी धरून प्रत्येकी 0, 12 किंवा 25 गुण. कठडा धरून जमले तर 12. आठवड्याने 40 पेक्षा जास्त गुण असलेला रुग्ण साधारण सहा आठवड्यांत स्वतंत्र चालू लागतो.

घरी सोडताना बार्थेल निर्देशांक, म्हणजे रोजची कामे स्वतः किती जमतात याची गुणपत्रिका, वापरतात. त्यात 100 पैकी 10 गुण जिन्याला आहेत, पण मजला कितवा हे त्यात नसते. ठाण्यात नौपाड्यातील लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारा आणि घोडबंदर रोडवरच्या टॉवरमधला, दोघांचे गुण सारखे असले तरी अडचणी वेगळ्या. उकिडवे बसणे, जमिनीवरून उठणे हेही त्यात नाही. ते वेगळे पाहावे लागते. चालण्याचा वेगही मोजावा: सेकंदाला 0.4 मीटरने चालणाऱ्याला 10 मीटर रस्ता ओलांडायला 25 सेकंद लागतात. तीन हात नाक्याला एकट्याने पाठवण्याआधी हा हिशेब केलेला बरा.