बोलावण्याआधी दरजांत सिमेंट भरू नका
जुन्या चर्चची दगडी भिंत आणि ऑर्गन : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

चर्चचे पंच, पाळकसाहेब आणि फादर यांना नमस्कार. आम्ही जुन्या दगडी भिंती आणि ऑर्गन दुरुस्त करतो.

दिवाळी सरली की आमच्याकडे फोन सुरू होतात. नाताळ तोंडावर आलेला असतो, वेदीमागच्या भिंतीला लोणा (ओलीबरोबर बाहेर आलेले पांढरे क्षार) लागलेला असतो आणि ऑर्गनचे बरेच सूर गप्प असतात. आम्ही पाहायला येतो, तर बहुतेक ठिकाणी दरजांत, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांत, सिमेंट आधीच भरलेले! मग आमचा निम्मा वेळ ते काढण्यात जातो, आणि त्या वेळेचे पैसे तुम्हालाच द्यावे लागतात.

जुन्या चर्चच्या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. पावसाळ्यात भिंतीत शिरलेली ओल चुन्याच्या दरजांतून हळूहळू बाहेर पडते. सिमेंटने दरजा बंद केल्या की ओल आत कोंडते, दुसरी वाट शोधते आणि क्षार सोबत घेऊन निघते. अमरावती, अकोला, यवतमाळकडचा काळा दगड घट्ट असतो. त्यातून ओल निघत नाही, म्हणून ती आतल्या गिलाव्यातून फुटते आणि पोपडे पडतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या वालुकाश्माचे नुकसान याहून मोठे. तिथे सिमेंट शाबूत राहते आणि दगडाचाच पापुद्रा सुटतो. गिलावा पुन्हा करता येतो, झिजलेला दगड परत मिळत नाही. चिखलदऱ्यासारख्या भरपूर पावसाच्या ठिकाणी तर हे फार लवकर दिसू लागते.

ऑइलपेंटचेही तसेच आहे. भिंत दोन महिने चकचकीत दिसते, पण ओल आतच राहते.

सिमेंट काढताना आम्ही ग्राइंडर लावत नाही. तो एकदा घसरला की दगडाची कड कायमची जाते. हातोडी आणि बारीक छिन्नीने एकेक दरज मोकळी करतो. “एवढे दिवस का लागतात?” या प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

चुन्याचे कामही घाईने होत नाही. कळीचा चुना भिजवून मुरवावा लागतो. साधारण एक भाग चुन्याला तीन भाग स्वच्छ रेती, आणि गरजेप्रमाणे सुर्खी (भाजलेल्या विटांची पूड). चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश दगडासारखा होतो आणि तोवर त्याला दमट ठेवावे लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. तेव्हा ओले पोते टांगले तरी तासाभरात सुकते आणि चुना भुसभुशीत राहतो. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत आम्ही दरजा भरत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी. पाहणीला मात्र पावसाळ्यातच बोलवा. छत कुठे गळते आणि पन्हळीचे पाणी कुठे पडते, ते तेव्हाच कळते. गळती थांबवल्याशिवाय भिंतीला हात लावणे म्हणजे तुमचा पैसा वाया घालवणे.

दगडाचे काम करणारे ऑर्गन का दुरुस्त करतात, असे अनेकजण विचारतात. दोन्ही दुखणी एकाच ओलीची आहेत. आपल्या हार्मोनियममध्ये भात्याची हवा रीडमधून (थरथरून सूर देणाऱ्या पितळी जिभेमधून) बाहेर ढकलली जाते. जुन्या चर्चमधले अमेरिकन पद्धतीचे पायाने चालवायचे ऑर्गन हवा आत ओढतात. भिंतीवरून झडलेली क्षारांची भुकटी त्या ओढीबरोबर थेट पितळी रीडपर्यंत जाते. रीड आणि चौकटीमधल्या बारीक फटीत एक कण अडकला तरी सूर बंद. म्हणून भिंतीचे काम सुरू होण्याआधी आम्ही ऑर्गन दुसऱ्या खोलीत हलवतो, आणि भिंत सुकल्यावरच तो उघडतो.

फाटलेल्या भात्याला फेविकॉल किंवा पंक्चरचे सोल्युशन लावू नका. फेविकॉल लाकडाला उत्तम, पण भात्याच्या घडीवर तो कडक होतो आणि कापड तिथेच तडकते. जुन्या कारागिरांनी लावलेला सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला चिकट पदार्थ) कोमट पाण्याने सुटतो, त्यामुळे लाकूड न दुखवता नवे कापड चढवता येते. रीडवर तेलही सोडू नका, त्यावर धूळ चिकटते. सूर उतरला असेल तर रीड घासायला जाऊ नका. टोकाला घासले की सूर चढतो, मुळाशी घासले की उतरतो, आणि जास्त घासलेली रीड वाया जाते.

उन्हाळ्यात कूलरचा झोत ऑर्गनकडे ठेवू नका. रविवारी दमट हवा, बाकी आठवडा कोरडी, या ओढाताणीत लाकडी फळी तडकते.

खर्चाबद्दल शंका असेल तर आधी हातभर भिंत नमुना म्हणून करून घ्या. एक पावसाळा जाऊ द्या, शेजारच्या सिमेंटच्या भागाशी ताडून पाहा, मग उरलेले काम द्या. मंदिरे आणि वाड्यांची कामेही आम्ही याच पद्धतीने करतो. इमारत संरक्षित स्मारक असेल, तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी लागेल. अर्जासाठी लागणारी छायाचित्रे आणि कामाचा तपशील आम्ही तयार करून देतो.

फोन करताना भिंतीचा आतून-बाहेरून फोटो पाठवा, ऑर्गनचा मागचा भाग उघडून एक फोटो काढा. निखळलेली पट्टी, सुटलेली खुंटी, तुटलेली रीड, काहीही फेकू नका. सगळे एका डब्यात घालून ऑर्गनजवळच ठेवा.