विद्युत शालेय बस : चार्जिंग आणि प्रसार

शाळेच्या मुलांची ने-आण करणारी, बॅटरीवर चालणारी बस. विजेवर चालवायला हिच्याइतके सोयीचे मोठे वाहन क्वचितच सापडेल. मार्ग ठरलेला, अंतर ठरलेले, सकाळ-दुपारच्या फेऱ्या सोडल्या तर बस उभीच. मोठ्या बसची बॅटरी बहुधा १५० ते २०० युनिटची असते. किलोमीटरमागे साधारण एक युनिट धरले, तर रोजच्या फेऱ्या तिच्यात आरामात बसतात.

चार्जिंगसाठी १९ किलोवॉटच्या आसपासचा साधा एसी (प्रत्यावर्ती प्रवाहाचा, घरच्या विजेसारखा) चार्जर बहुतेक ठिकाणी पुरतो. बॅटरी पार रिकामी असली तरी रात्रभरात भरते. महागडा डीसी (एकदिश प्रवाहाचा) जलद चार्जर लागतो तो लांबच्या मार्गांना किंवा दुपारच्या फेरीआधी भर घालायची असेल तर. सगळ्याच बसला तो घेणे ही हौस झाली.

खरी अडचण डेपोच्या मीटरपाशी सुरू होते. समजा, २० बस संध्याकाळी पाच वाजता परतल्या आणि चालकांनी लगोलग केबल जोडल्या. भार एकदम ३८० किलोवॉटवर जातो, तोही आसपासच्या घरांत दिवे-पंखे सुरू होतात त्याच वेळी. प्रत्येक बसला १०० युनिटच हवे असतील आणि चार्जिंग बारा तासांत विभागले, तर तेच काम १७० किलोवॉटच्या आत होते. केबल पाचला लागते, वीज कधी सुरू करायची ते सॉफ्टवेअर ठरवते. बिलातला मागणी आकार, म्हणजे एका वेळी किती भार घेतला त्याचे शुल्क, महिन्यातल्या सर्वाधिक भारावर लागत असेल, तर एका संध्याकाळचा हलगर्जीपणा महिनाभराच्या बिलात दिसतो. वाढीव जोडणी आणि ट्रान्सफॉर्मर यांना कधीकधी वर्षाहून अधिक काळ लागतो. म्हणून वीजकंपनीकडे अर्ज आधी, बसची ऑर्डर नंतर. हा क्रम उलटला की नव्या कोऱ्या बस आवारात धूळ खातात.

कडाक्याच्या थंडीत हीटरच बॅटरीचा मोठा वाटा खातो. त्यावर उपाय म्हणजे पहाटे केबल जोडलेली असतानाच बस आतून गरम करून घेणे. मग त्या उबेची वीज बॅटरीतून जात नाही.

डिझेलच्या धुराची झळ मुलांना थेट बसते, हे या बदलामागचे मोठे कारण. किंमत मात्र आडवी येते : अमेरिकेत विद्युत बस डिझेल बसच्या दुप्पट-तिप्पट महाग पडते. तिथल्या २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने स्वच्छ शालेय बससाठी पाच वर्षांत ५ अब्ज डॉलरची तरतूद केली, तर न्यूयॉर्क राज्याने २०३५ पर्यंत सर्व शालेय बस प्रदूषणमुक्त करण्याचे लक्ष्य ठेवले. कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या शाळांनी २०२४ मध्ये ७४ विद्युत बस आणल्या. त्यांना दोन्ही दिशांनी वीज नेणारे चार्जर आहेत, म्हणजे उभी बस ग्रिडला (वीजजाळ्याला) वीज परतही देऊ शकते. उन्हाळी सुट्टीत, विजेची मागणी चढलेली असताना बस रिकाम्याच असतात, हा इथला नामी योग.

प्रसाराची वाट सरळ नाही. कॅनडातील लायन इलेक्ट्रिक या बसनिर्मात्या कंपनीला डिसेंबर २०२४ मध्ये धनकोंपासून न्यायालयीन संरक्षण मागावे लागले. तेव्हापासून खरेदीदार मायलेजच्या जोडीने आणखी एक प्रश्न विचारतात : सुटे भाग दहा वर्षांनी कोण देणार?