नवापूरची मरतूक

२००६च्या फेब्रुवारीत नवापूरच्या पोल्ट्री शेडमध्ये कोंबड्या मरू लागल्या, तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होते: राणीखेत. खेड्यात त्याला मानमोडी म्हणतात. दर काही वर्षांनी येणारा, लस असलेला, ओळखीचा रोग. मरतूक थांबेना म्हणून नमुने भोपाळच्या पशुरोग प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारीला जाहीर झाले की हा एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचा विषाणू आहे. भारतातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यात निघाला होता.

नवापूरचे रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. हद्दीपलीकडे लगेच उच्छल तालुका, तोही या साथीत सापडला. पांढऱ्या पोशाखातली पथके आली, कोंबड्या मारून खड्ड्यांत पुरल्या गेल्या, मारणाऱ्यांना टॅमिफ्लू या फ्लूविरोधी औषधाच्या गोळ्या दिल्या गेल्या. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यात परसातल्या गावरान कोंबड्यांतही रोग निघाला, पुढे मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरला. त्या दोन-तीन महिन्यांत तीन राज्यांत मिळून सुमारे १० लाख पक्षी मारले गेले. माणूस मात्र एकही दगावला नाही. संशयितांचे नमुने निगेटिव्ह आले. तरी देशभर चिकनचा धंदा बसला आणि रेल्वेच्या जेवणातूनही चिकन गेले. रोगाचा केंद्रबिंदू दोन-तीन तालुक्यांत होता, धास्ती मात्र देशभर. चांगले शिजवलेले चिकन-अंडे खाऊन हा आजार होत नाही, कारण ७० अंशांवर विषाणू टिकत नाही, हे तेव्हाही ठाऊक होते.

हा रोग तसा नवा नव्हे. इटलीत पेरोंचितो या पशुवैद्याने १८७८ सालीच कोंबड्यांच्या अशा साथीचे वर्णन केले होते. तिला ‘कोंबड्यांचा प्लेग’ म्हणत. पण हा प्लेगही फ्लूच्याच विषाणूचा, हे कळायला १९५५ साल उजाडले.

आजच्या साथीचा धागा मात्र १९९६ पासून धरावा लागतो. त्या साली चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात आजारी हंसांमध्ये एच५एन१चा घातक वाण सापडला. दुसऱ्या वर्षी हाँगकाँगमध्ये तीन वर्षांचा एक मुलगा दगावला. त्या साथीत एकूण १८ माणसांना लागण झाली, ६ मेली. पक्ष्यांचा फ्लू थेट माणसाचा जीव घेतो, हे तिथे पहिल्यांदा दिसले. हाँगकाँगने शहरातली सगळी कोंबडी मारून टाकली आणि साथ थांबली. २००३ नंतर ती आग्नेय आशियात पुन्हा उसळली. २००५ साली चीनमधल्या चिंगहाई सरोवरावर हजारो रानपक्षी मेले. त्यांत मोठा भरणा पट्टकादंबांचा, हिवाळ्यात आपल्या उजनी-जायकवाडीकडे येणाऱ्या त्या हंसांचा. त्यामुळे नवापूरच्या वेळी बोट आधी आभाळाकडे गेले. रानपक्षी विषाणू लांबवर नेतात हे खरेच. पण शेडपासून शेडपर्यंत तो पोचतो तो बहुधा पिंजरे, अंड्यांचे ट्रे, गाड्या आणि माणसांच्या चपलांवरून. पाहुण्या पक्ष्याला दोष देणे सोपे, एवढेच.

माणसाला हा रोग सहजी होत नाही. विषाणूची पेशीला अडकण्याची आकडी पक्ष्यांच्या पेशींवर बसते. आपल्या नाका-घशातल्या पेशींवर ती नीट अडकत नाही, फुफ्फुसात खोलवर मात्र अडकते. म्हणून लागण क्वचित, पण झाली तर जीवघेणी. २००३ पासून जगात एच५एन१चे ९००हून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतले निम्म्याच्या आसपास गेले. माणसाकडून माणसाकडे तो अजून टिकून पसरलेला नाही. भारतात एच५एन१चा पहिला मानवी मृत्यू २०२१ साली नोंदला गेला: हरियाणातला एक लहान मुलगा, दिल्लीच्या एम्समध्ये. त्याआधी २०१९ साली मेळघाटातल्या १७ महिन्यांच्या बाळात एच९एन२ हा सौम्य भाऊबंद सापडला होता, भारतातला पहिलाच. बाळ बरे झाले.

मधल्या काळात पक्ष्यांत रोग येतच राहिला. २००८ साली पश्चिम बंगालमध्ये ४० लाखांहून अधिक कोंबड्या माराव्या लागल्या. २०२१च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या आणि महिनाभरात नवापूरचे नाव पुन्हा बातम्यांत आले. पंधरा वर्षांनी, तेच गाव.

आता हा रोग पिसांपलीकडे गेला आहे. २०२४च्या मार्चमध्ये अमेरिकेत टेक्सास आणि कॅन्ससच्या दुभत्या गाईंमध्ये निघाला, कच्च्या दुधात सापडला. त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेला. भोपाळहून जानेवारीत उत्तर आले: एच५एन१. संशय साहजिकच खाऊ घातलेल्या कोंबडीवर गेला. थायलंडमधल्या एका व्याघ्रोद्यानात २००४ सालीच कच्ची कोंबडी खाऊन वाघांना लागण झाली होती आणि शंभराहून अधिक वाघ मेले किंवा मारावे लागले होते. गोरेवाड्यातले वाघ तर माणसांशी संघर्ष झाला म्हणून चंद्रपूरकडून उचलून आणलेले होते.