नदीवरच्या नव्या पुलासाठी निधी: प्रस्ताव कोणी पाठवायचा, काय जोडायचं आणि तो परत का येतो

"प्रस्तावात खालील त्रुटी आढळून आल्याने तो मूळ कागदपत्रांसह परत करण्यात येत आहे." बांधकाम विभागात चार वर्षं काढलेल्या कोणालाही हे वाक्य तोंडपाठ असतं. शहरातून नदी जाते, तिच्यावर एकच जुना पूल आहे, सकाळी दहाला दोन्ही तोंडांना गाड्यांची रांग लागते आणि पर्यायी पुलाची फाइल मंत्रालयातून तिसऱ्यांदा परत येते. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांची ही कथा आहे. मी नगरपरिषदेत अभियंता असताना असे प्रस्ताव केले, आता निवृत्तीनंतर इतरांचे तपासून देतो. पुलाच्या डिझाइनवरून परत आलेला प्रस्ताव मी क्वचितच पाहिला. फाइल बसते ती जमिनीवर, पूरपातळीवर, नाहीतर चुकीच्या योजनेचं दार ठोठावल्यामुळे.

आधी एक गोष्ट. नागरिकाला, व्यापारी संघाला किंवा सोसायटीला पुलाच्या निधीसाठी अर्ज करता येत नाही. निवेदन देता येतं, आमदारांच्या पत्रासह देता येतं, पण त्यावर पैसे मिळत नाहीत. प्रस्ताव करायचा तो रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्याने: महापालिका, नगरपरिषद, सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा जिल्हा परिषद. "ताब्यात" या शब्दाकडे नीट बघा. पुष्कळ शहरांत मुख्य रस्ता पूर्वी बांधकाम विभागाचा होता, मग तो पालिकेकडे हस्तांतरित झाला म्हणतात, पण हस्तांतरणाचा आदेश कोणाकडेच नसतो. तो आदेश शोधा. नसेल तर बांधकाम विभागाकडून तसं लेखी घ्या.

दुसरं म्हणजे नदी हीच अनेकदा हद्द असते. अलीकडचा काठ नगरपरिषदेचा, पलीकडचा ग्रामपंचायतीचा, कधी तर तालुकाही दुसरा. पालिकेने सर्वसाधारण सभेत ठराव केला, पेढे वाटले आणि पलीकडच्या ग्रामपंचायतीला विचारलंच नाही, असं मी तीनदा पाहिलंय. पालिकेला स्वतःच्या हद्दीबाहेर खर्च करायचा तर शासनाची परवानगी लागते, आणि पलीकडच्या ग्रामपंचायतीचा व रस्त्याच्या मालकाचा नाहरकत ठरावही लागतो. अशा ठिकाणी मी सरळ सांगतो की पूल बांधकाम विभागामार्फतच मागा. श्रेय कमी मिळेल, पूल लवकर मिळेल.

कुठल्या दारात जायचं

सेतुभारतम हे नाव वाचून लोक धावतात. २०१६ मध्ये सुरू झालेली ती योजना राष्ट्रीय महामार्गांवरची रेल्वे फाटकं काढण्यासाठी आणि महामार्गांवरच्याच जुन्या पुलांसाठी आहे. शहरातल्या नदीपुलाचा तिच्याशी संबंध नाही. नाबार्डकडून राज्याला मिळणारं कर्ज ग्रामीण पायाभूत सुविधांसाठी असतं, त्यातून शहराच्या हद्दीतला पूल होत नाही. पलीकडचा काठ आणि रस्ता ग्रामीण असेल तर मात्र बांधकाम विभाग किंवा जिल्हा परिषद त्यातून मागू शकते. खासदार निधी वर्षाला ५ कोटी, तोही अख्ख्या मतदारसंघाला. त्यातून नदीवरचा पूल मागणं म्हणजे खासदारांना नकार द्यायला लावणं.

केंद्रीय मार्ग व पायाभूत सुविधा निधी, म्हणजे पेट्रोल-डिझेलवरच्या उपकरातला पैसा, राज्य सरकारने पाठवलेल्या कामांना मिळतो. पालिकेने थेट दिल्लीला पाठवलेल्या प्रस्तावाला फार तर पोच मिळते. भांडवली खर्चासाठी केंद्र देतं ते ५० वर्षांचं बिनव्याजी कर्जही राज्याला मिळतं, पालिकेला नाही. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या १ लाख कोटींच्या अर्बन चॅलेंज फंडाबद्दल मला आठवड्याला एक फोन येतो. त्यात केंद्राचा वाटा २५ टक्क्यांपर्यंत, आणि किमान ५० टक्के रक्कम रोखे, बँक कर्ज किंवा खासगी भागीदारीतून उभी करायची आहे. टोल नसलेल्या पुलाची परतफेड कशातून करणार, हे बँक पहिल्याच बैठकीत विचारते. मोठ्या महापालिकेकडे त्याचं उत्तर असू शकतं. ज्या नगरपरिषदेला दर महिन्याचा पगारच कसाबसा जमतो, तिने या वाटेला जाऊ नये.

म्हणजे लहान-मध्यम शहरासाठी खऱ्या अर्थाने दोनच वाटा उरतात: बांधकाम विभागामार्फत राज्याच्या अर्थसंकल्पात काम घालणं, किंवा नगरोत्थानसारख्या, शहरांना अनुदान देणाऱ्या राज्य योजनेतून स्वहिस्सा भरून अनुदान घेणं.

जमीन: इथे निम्मे प्रस्ताव मरतात

तपासणी यादीत एक ओळ असते: "जागा ताब्यात असल्याचा दाखला व सातबारा." नवा लिपिक ती शब्दशः घेतो आणि नदीचा सातबारा मागतो. नदीपात्राला बहुतेक ठिकाणी गट नंबरच नसतो, तर सातबारा कुठून येणार? जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे नदीचं पात्र शासनाचं आहे. तिथे गाव नकाशाची प्रमाणित प्रत, त्यावर पुलाची आखणी लाल शाईने, आणि कलम २० चा उल्लेख करून महसूल व जलसंपदा विभागाची नाहरकत, एवढं जोडा. प्रस्तावाच्या पहिल्या पानावरच "पात्राला स्वतंत्र अधिकार अभिलेख नाही" असं लिहून टाका. मी हे वाक्य लिहायला लागल्यापासून ती त्रुटी आलेली नाही.

खरी अडचण पोचमार्गाची. लोक पूल म्हणजे दोन काठांमधलं अंतर समजतात. पण चढ-उताराचे रस्ते काठाच्या आत शंभर-दोनशे मीटर घुसतात, आणि ती जमीन कोणाची तरी असते. इथे सगळ्यांत जास्त चालणारी चूक म्हणजे संमतीपत्र जोडून "जागा उपलब्ध" लिहिणं. संमतीपत्र म्हणजे ताबा नव्हे. ताबा म्हणजे भूमी अभिलेखची संयुक्त मोजणी, मोबदल्याचा करार किंवा निवाडा, आणि सही-शिक्क्याची ताबा पावती.

एक उदाहरण जवळून सांगतो. पोचमार्गात जाणारे फक्त ६ गुंठे. सातबाऱ्यावर नावं ११. संमतीपत्रावर सही एकट्या थोरल्या भावाची, तोही मनापासून तयार. पण दोन बहिणींची नावं वारस म्हणून लागलेली होती, एक भाऊ वारलेला आणि त्याच्या मुलांची नोंद झालेलीच नव्हती. प्रस्ताव परत. वारस नोंद, मग पोटहिस्सा, मग पुन्हा मोजणी, यात पावणेदोन वर्षं गेली. सातबारा काढल्याबरोबर नावं मोजा आणि प्रत्येक नावासमोर माणूस जिवंत आहे का, कुठे राहतो, हे लिहा. हे काम तलाठ्यावर सोडू नका.

शहराच्या विकास योजनेत तो रस्ता आरक्षण म्हणून दाखवलेला असेल तर लोक निर्धास्त होतात. होऊ नका. नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ नुसार योजना अंमलात आल्यापासून १० वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि ती बजावल्यापासून २४ महिन्यांत संपादनाचं पाऊल उचललं नाही तर आरक्षण उडतं. मुदत चुकते ती इथे. पालिका समजते की ठराव केला, जिल्हाधिकाऱ्यांना पत्र पाठवलं, म्हणजे पाऊल उचललं. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सांगितलंय की नुसता प्रस्ताव पाठवणं पुरत नाही, संपादनाची घोषणाच व्हायला हवी. नोटीस आवक टेबलावर आली ती तारीख भिंतीवर लिहून ठेवा. लेखा विभागाच्या कपाटात नोटीस सापडली तेव्हा २६ महिने झाले होते, असंही एक शहर मला माहीत आहे.

आखणी विकास योजनेत नसेल तर कलम ३७ चा फेरबदल करावा लागतो. हरकतींसाठी १ महिना, सुनावणी, मग शासनाची मंजुरी. संपादन २०१३ च्या भूसंपादन कायद्याने करायचं ठरलं तर प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतींना ६० दिवस, आणि घोषणेपासून १२ महिन्यांत निवाडा झाला नाही तर सगळी कार्यवाही व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द होते. थोडी जमीन असेल तर थेट खरेदी किंवा टीडीआर (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) हाच मार्ग. नदीकाठचा मालक टीडीआरला नाक मुरडतो हे खरं, पण त्याला बसवून समजावलं तर पुष्कळदा ऐकतो.

पाण्याचा दाखला

जलसंपदा विभागाची नाहरकत आणि पूरपातळीचा दाखला, हे दोन कागद. इथे २००५ च्या महापुराची पातळी धरून केलेले अहवाल अजूनही येतात, कारण सल्लागाराने जुना अहवाल काढून फक्त नाव बदललेलं असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोका पातळी तिथे ४५ फूट आहे. २००५ चा आकडा तेव्हाच मागे पडला. कोल्हापुरात पंचगंगेने २०२१ मध्ये २०१९ लाही मागे टाकलं. दाखला सर्वांत अलीकडचा मोठा पूर धरून घ्या.

यात जमिनीचा काय संबंध, असं वाटेल. भारतीय रस्ते महासभेच्या संहितेप्रमाणे पूरपातळी आणि गर्डरचा (पुलाच्या तुळईचा) तळ यांत किमान मोकळं अंतर ठेवावं लागतं. विसर्ग सेकंदाला ३०० ते ३००० घनमीटर असेल तर १.२ मीटर, त्याहून जास्त असेल तर १.५ मीटर. समजा, नवी पूरपातळी धरल्यावर पूल सव्वा मीटरने उचलावा लागला. ३० ला १ असा चढ ठेवला तर दोन्ही बाजूंना पोचमार्ग साधारण ३७ ते ३८ मीटरने लांबतो. म्हणजे ज्यांची जमीन लागणारच नव्हती असे चार मालक नव्याने आले. म्हणून आधी पूरपातळी, मग आखणी, मग मोजणी. उलट क्रमाने गेलात तर मोजणी फी दोनदा भराल.

खाडीचं पाणी जिथवर येतं तिथे किनारा नियमन क्षेत्राची परवानगी, आणि तिवरं तोडावी लागणार असतील तर उच्च न्यायालयाची परवानगी, हे कोकणातल्यांनी विसरू नये.

आणि पुरातत्त्व. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित, पुढचे २०० मीटर नियंत्रित. कोल्हापुरात शिवाजी पुलाला पर्यायी पुलाचं बरंच काम झालेलं असताना ब्रह्मपुरी टेकडीच्या संरक्षणामुळे ते थांबलं. पुढे जानेवारी २०१८ मध्ये जुन्या पुलावरून मिनीबस नदीत कोसळली आणि १३ जण गेले. घाट, जुनी मंदिरं, समाध्या, तटबंदी यांच्याजवळून आखणी जात असेल तर अंतर टेपने मोजून नकाशावर लिहा, काम सुरू व्हायच्या आधी.

बाकीचे कागद पटकन

वाहतूक गणना सलग ७ दिवसांची हवी, आणि ती दिवाळीच्या सुट्टीत करू नका. शाळा बंद असताना कोंडी दिसत नाही आणि तुमचाच आकडा तुमच्या विरुद्ध जातो. पुलाच्या पुढच्या चौकाचीही गणना जोडा, कारण कोंडी तिथे सरकणार का, हा प्रश्न येतोच आणि तो रास्तही आहे. अंदाजपत्रक चालू दरसूचीवर, जीएसटी १८ टक्के, कामगार उपकर १ टक्का, जलवाहिनी आणि वीज खांब हलवण्याचा खर्च धरून. तांत्रिक मान्यता सक्षम अधिकाऱ्याची. हेच काम दुसऱ्या योजनेत मंजूर नाही, असा दाखला. स्वहिस्स्याच्या ठरावासोबत अर्थसंकल्पातलं तरतुदीचं पान जोडा; नुसत्या ठरावावर आता कोणी विश्वास ठेवत नाही.

घोषणा म्हणजे पैसे नव्हेत

मार्चच्या अर्थसंकल्पात नाहीतर पावसाळी-हिवाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्यांत कामाचं नाव आलं की फलक लागतात. त्या नावासमोरची रक्कम वाचा. कोट्यवधींच्या पुलासमोर काही लाखांची टोकन तरतूद असते. त्यानंतर प्रशासकीय मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश, आणि बीडीएसवर, म्हणजे शासनाच्या निधी वितरणाच्या संगणक प्रणालीवर, रक्कम दिसेल तेव्हाच ती तुमची. मधे आचारसंहिता लागली तर निविदा थांबते. ३१ मार्चला न खर्चलेलं परत जातं, म्हणून फेब्रुवारीत आलेल्या पैशाने आनंदून जाऊ नये.

पैसा आणि इच्छा दोन्ही असेल तर काय होतं, हेही आपण पाहिलंय. महाडला सावित्रीवरचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला आणि नवा पूल ५ जून २०१७ ला सुरू झाला. तिथे कुणी वाहतूक गणना मागत बसलं नसावं.

नागरिकांसाठी: दर महिन्याला नवं निवेदन देण्यापेक्षा १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करा. "पुलाचं काय झालं" असं विचारू नका. त्याला "कार्यवाही सुरू आहे" एवढंच उत्तर येतं. प्रस्तावाचा जावक क्रमांक व तारीख, आलेल्या त्रुटीपत्राची प्रत आणि त्यावर पाठवलेल्या पूर्ततेची प्रत मागा. उत्तराला ३० दिवस. पूर्तता पाठवलीच नव्हती, हे बहुतेक वेळा तिथेच कळतं.

पूर्तता पाठवताना पालिकेने नवीन प्रस्ताव म्हणून पाठवू नये. त्रुटीपत्राचा क्रमांक संदर्भात घ्या, मुद्द्यांना त्याच क्रमाने उत्तर द्या, प्रत्येक उत्तरासमोर पान क्रमांक लिहा. आणि संयुक्त मोजणीचा मूळ नकाशा कधीही फाइलबरोबर पाठवू नका, प्रमाणित प्रत पाठवा. मूळ नकाशा एकदा वर गेला की परत येत नाही, आणि दुसरी प्रत काढायला गेलात तर भूमापकाची बदली झालेली असते.