बुजऱ्या मनाचे चुकणारे अंदाज

प्राध्यापक विचारतात, "कुणाला काही शंका?" शंका असते. ती कशी विचारायची याचं वाक्यही मनात जुळत असतं. पण ते दोनदा घोकून होईस्तोवर छाती धडधडायला लागते, कानशिलं तापतात आणि फळ्यावर पुढचा मुद्दा सुरू झालेला असतो. विद्यापीठातलं पहिलं वर्ष बुजऱ्या मुलामुलींना असं रोज थोडंथोडं जड जातं. शाळेतले वर्षानुवर्षांच्या ओळखीचे चेहरे एकदम दिसेनासे होतात आणि प्रत्येक ओळख नव्याने करून घ्यावी लागते.

ही धडधड म्हणजे मनाचा दुबळेपणा नव्हे. मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांपुढे नवी खेळणी, नवे आवाज, नवे वास ठेवून पाहिले. साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडायचं, रडायचं. अशी बाळं पुढे बुजरी होण्याची शक्यता जास्त होती. तरी त्यातली बरीच मोठेपणी तशी राहिली नाहीत. २००३ मध्ये कार्ल श्वार्ट्झ, केगन आणि सहकाऱ्यांनी विशीच्या आसपासच्या काही तरुणांचे मेंदू तपासले. दोन वर्षांचे असताना जे नव्या गोष्टींना बिचकायचे, त्यांच्या मेंदूतला अमिग्डाला अनोळखी चेहरे पाहताना इतरांच्या तुलनेत जास्त सक्रिय होत होता. धोक्याची चाहूल लागण्याशी या भागाचा जवळचा संबंध आहे. थोडक्यात, भर वर्गात धडधडणारी छाती मुद्दाम तसं वागत नसते.

खरी अडचण त्यानंतर सुरू होते. भीती वाटली की लक्ष आत वळतं: माझा आवाज कापतोय का, चेहरा लाल झालाय का, आता काय बोलू? समोरचा काय म्हणाला ते त्या गडबडीत नीट ऐकूही येत नाही. आणि आपल्याला आतून जे इतकं जाणवतंय ते सगळ्यांना दिसत असणार, असं वाटू लागतं. थॉमस गिलोविच यांच्या चमूने २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं. त्यांना वाटलं, जवळपास निम्म्या जणांनी तो पाहिला असेल. प्रत्यक्षात सुमारे पाव लोकांच्याच तो ध्यानात आला होता. भीती इतकी वाढली की तासाला बसणं, मेसमध्ये जाणं टळू लागतं, तेव्हा मात्र समुपदेशकाकडे जावं. लक्ष आतून बाहेर वळवण्याचा सराव हा तिथल्या उपचारांचा एक भाग असतो आणि त्याचा उपयोग होतो.

या विषयातलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं संशोधन एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांचं आहे, २०१८ सालचं. दोन अनोळखी माणसांना थोडा वेळ गप्पा मारायला लावून दोघांनाही वेगवेगळं विचारलं: समोरचा तुम्हाला किती आवडला, आणि तुम्ही त्याला किती आवडला असाल? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लोक सतत कमी देत होते. जो जितका लाजाळू, त्याचा अंदाज तितका खाली. याच संशोधनात विद्यापीठात नुकतेच एकत्र राहायला आलेल्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही वर्षभर अधूनमधून हेच विचारलं. एका छताखाली राहूनही आपण समोरच्याला कमीच आवडतो, हा समज कित्येक महिने सुटला नाही. खोलीतला जोडीदार आपल्याला टाळतोय असं वाटत असेल, तर तो आपल्याबद्दल नेमकं हेच समजून बसलेला असण्याची शक्यता बरीच आहे.

पहिल्या आठवड्यातल्या स्वागत कार्यक्रमांना विद्यापीठं फार महत्त्व देतात. माझ्या मते, बुजऱ्यांसाठी त्याहून महत्त्वाची आहे वर्गातली जागा. रिचर्ड मोरलँड आणि स्कॉट बीच यांनी १९९२ मध्ये दिसायला साधारण सारख्या चार तरुणींपैकी तिघींना एका मोठ्या वर्गात अनुक्रमे पाच, दहा आणि पंधरा तासांना बसवलं. चौथी एकदाही गेली नाही. कुणाशी बोलायचं नाही, अशी अट होती. सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांना चौघींचे फोटो दाखवले. जी जास्त वेळा येऊन बसली होती, ती त्यांना जास्त आवडली, मग ती ओळखीची वाटो वा न वाटो. रोज त्याच रांगेत, त्याच लोकांजवळ बसणं एवढं तर अबोल माणसालाही जमतं.

मैत्रीला मात्र त्यापुढे वेळ द्यावा लागतो. जेफ्री हॉल यांच्या २०१८ मधल्या अभ्यासानुसार, साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास लागतात, पक्की मैत्री व्हायला ९० आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. वर्गात किंवा कामावर नुसतं सोबत असण्याचे तास यात फारसे उपयोगी पडत नाहीत. मोकळा वेळ एकत्र घालवावा लागतो. तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत कुणी जिवाभावाचं भेटलं नाही, तर त्यात विपरीत काही नाही. एवढे तास अजून झालेलेच नसतात.

ते तास जमवायला भिडस्त मुलांनी हाताला काम असलेल्या जागा निवडाव्यात: नाटकाच्या गटात प्रकाशयोजना, ट्रेकचं सामान बांधणं, भित्तिपत्रिकेची मांडणी. काम समोर असलं की लक्ष आपोआप बाहेर राहतं आणि बोलायला विषय शोधावा लागत नाही. चुरचुरीत बोलता येत नाही याचीही खंत नको. कॅरन हुआंग आणि सहकाऱ्यांना २०१७ मध्ये आढळलं की समोरच्याच्या बोलण्यातलाच धागा पकडून पुढचा प्रश्न विचारणारी माणसं लोकांना जास्त आवडतात. "मग पुढे काय झालं?" एवढं विचारायला लक्ष देऊन ऐकलेलं असणं पुरतं.