गोव्यात हॉस्टेल नेहमीच स्वस्त?
‘गोव्यात पैसे वाचवायचेत ना, मग डोळे झाकून हॉस्टेल घे’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. एकट्यासाठी तो बराचसा खरा. पण हॉस्टेलात भाडं खाटेचं, हॉटेलात खोलीचं. समजा, हणजुण्यात (म्हणजे अंजुना किनाऱ्याच्या गावात) खाट ६०० रुपये. चौघांचे झाले २४००. तेवढ्यात किनाऱ्यापासून आत असलेल्या म्हापसा शहरात दोन साध्या खोल्या मिळू शकतात, पावसाळ्यात तर घासाघीस करून आणखी कमीत. टॉवेल, कुलपाचे पैसे काही हॉस्टेलांत वेगळे. अर्थात म्हापशात राहिलात तर रात्री उशिरा किनाऱ्यावरून बस नाही, टॅक्सीच. आणि गोव्यातली टॅक्सी म्हणजे वाचवलेलं तिथेच साफ! आणखी एक: काही हॉस्टेलं स्थानिक पत्त्याचं ओळखपत्र चालवून घेत नाहीत, म्हणून गोंयकारांनी बुकिंगआधी नियम वाचावेत.